किल्ली फिरवण्याआधी

घरात सगळे म्हणतात, माझा स्वभाव वाईट. आहेच. राग लवकर येतो आणि एकदा आला की बिछाना घालून मुक्कामालाच राहतो. माझी धाकटी बहीण म्हणते, "ताई, तू माणसं सोडतेस, पण राग सोडत नाहीस." म्हणू दे. तिचा नवरा मात्र असं काही बोलत नाही. माझा राग कुणासाठी राखून ठेवलेला आहे, ते त्याला चांगलं ठाऊक आहे.

मी त्याला जावईबापू म्हणते. तोंडावरसुद्धा. लोकांना ती थट्टा वाटते.

आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत, एकाच बाईंच्या हाताखाली शिकलो. तेव्हा आमचं अरे-तुरे होतं. त्याला घरी पहिल्यांदा जेवायला मीच आणलं, आणि धाकटीने त्याला वाढलं. पुढचं सांगायला नको. तेव्हापासून तो मला 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणायला लागला, इतक्या आदराने की ऐकवत नाही.

आमचं काम दाबायचं. एखादा कण घ्यायचा आणि त्याच्यावर एवढा दाब द्यायचा, की जेवढा जमिनीच्या पोटात हजारो मैल खाली असतो. लोकांना वाटतं, त्यासाठी घराएवढं यंत्र लागत असेल. आमची डबी मुठीत मावते. पोलादाची, जाडजूड, चार कोपऱ्यांत चार स्क्रू. आत दोन हिरे, टोकाला टोक लावून. टोकं घासून सपाट केलेली, दोन-तीन केस शेजारी ठेवले तर जेवढी रुंदी होईल तेवढीच. जोर थोडा, पण जागा त्याहून थोडी, म्हणून दाब भयंकर. गर्दीत कुणाची उंच टाच पायावर पडली की हे शास्त्र पुस्तकाशिवाय समजतं.

दोन हिऱ्यांच्या मधे पातळ पत्रा असतो आणि पत्र्याला एक भोक. त्या भोकात सगळा संसार. ज्याला दाबायचं तो कण, जोडीला माणकाचा एक कण, आणि वर द्रवाचा थेंब. माणिक दाब सांगतं. त्याच्यावर हिरवा प्रकाश टाकला की ते लाल चमकतं, आणि दाब वाढला की तो लाल रंग किंचित सरकतो. स्क्रूला बारीक किल्ली लावायची, एकेकाला जरासं फिरवायचं, पडद्यावर लाल रेघ कुठे गेली ते बघायचं.

यात एकच भीती. दाबताना पत्रा चेपतो, पसरतो, आणि भोक जागचं हलायला लागतं. ते मध्यात आहे तोवर ठीक. कडेकडे सरकलं की त्या बाजूचा पत्रा पातळ होत जातो, आतलं सगळं पिचकारीसारखं बाहेर पडतं आणि हिऱ्याला हिरा लागतो. मग कितीही दिवसांची मेहनत असो, गेली.

म्हणून बाईंचा नियम होता. किल्ली ज्याच्या हातात, त्याने फिरवण्याआधी विचारायचं, "कुठंय?" दुसऱ्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सांगायचं, "मध्यात." तसं उत्तर आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. स्वतः बघून चालत नसे. बाई म्हणायच्या, "किल्लीवाल्याच्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. त्याला पुढे जायचं असतं. त्याला हवं ते दिसतं." आमच्याकडे बाकी सगळं चालायचं. उशीर चालायचा, भांडणं चालायची, चहाचे डाग टेबलभर चालायचे. खोटं 'मध्यात' चालत नसे. तसं करण्याचं कुणाच्या मनातही येत नसे.

त्या नियमामुळे बाईंची हिऱ्यांची जोडी त्यांच्या साऱ्या नोकरीत एकदाही फुटली नाही. दुसरीकडचे लोक ती बघायला यायचे. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी ती डबी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुझ्या हाताला शोभेल."

आता जावईबापूंचं ऐका.

एक क्षार होता, काचेसारखा आरपार. मला वाटायचं, हा पुरेसा दाबला तर धातू होईल. लोक हसायचे. मी चिकाटीने डबी भरत राहिले. कण पिवळा झालेला पाहिला, मग लाल, मग काळा. चमक यायची तेवढी राहिली होती. डबी त्या दाबावर ठेवलेली होती आणि नेमके तेव्हा आमचे बाबा दवाखान्यात दाखल झाले. मोठं ऑपरेशन. मी त्यांच्या उशाशी बसून होते. जावईबापू म्हणाले, "ताई, तुम्ही बाबांकडे बघा. इकडचं मी बघतो."

बघितलं की! शेवटच्या चार फेऱ्या त्याने फिरवल्या, चमक आली, आणि त्याने ते स्वतःच्या नावावर छापून टाकलं. अगदी शेवटी, बारीक अक्षरात, माझे आभार. 'डबी भरण्यास मदत केल्याबद्दल.' मदत! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. वर तोच प्रयोगशाळेचा प्रमुख झाला आणि पहिलं काम काय केलं, तर बाईंची डबी माझ्या कपाटातून काढून स्वतःच्या कपाटात ठेवली. म्हणे, संस्थेची वस्तू आहे.

घरी बोलायची सोय नव्हती. बाबा बरे होऊन घरी आले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, "माझ्या आजारपणात जावयाने एकट्याने सगळी प्रयोगशाळा सांभाळली हो!" पेपरात आलेला त्याचा फोटो त्यांनी दिवाणखान्यात चौकट करून लावला. मी जेवायला बसले की तो बरोब्बर माझ्या समोर. धाकटी एकदा हळूच म्हणाली, "ताई, घरातलंच माणूस आहे ना? नाव कुणाचं का असेना." मी घास गिळला. तेव्हाच ठरवलं, याला एकदा चारचौघांत तोंडावर पाडायचं आणि बाईंची जोडी परत घ्यायची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होणार नाहीत, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

ती वेळ आपोआप आली. संस्थेचे वरचे लोक आणि बाहेरचे पाहुणे येणार होते. जावईबापूंनी जाहीर केलं, की तो क्षार धातू होताना मी तुम्हाला डोळ्यांसमोर दाखवतो, आणि तेही बाईंच्या जोडीवर. बाईंनाही आग्रहाचं बोलावणं गेलं. डबी त्याने स्वतः भरली. मला हात लावू दिला नाही. पुन्हा 'मदत' झाली असती ना. आठवडाभर आधी दार लावून तो थोडा थोडा दाब चढवत होता. कुणालाही विचारत नव्हता. प्रमुख झाल्यापासून "कुठंय?" हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. विचारायचं तर मला विचारावं लागलं असतं. बाकीचे सगळे नवे, त्यांची नजर अजून बसलेली नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बदलायचं काम माझ्याकडे आलं. डबी त्याच्या खालीच ठेवलेली होती. दिवा लावला आणि सवयीने डोळा लावला.

भोक सरकलं होतं.

फार नाही. नवख्याला कळलं नसतं. पण एका बाजूचा पत्रा चंद्रकोरीसारखा पातळ झाला होता. आणखी एकदोनदा किल्ली फिरली की संपलं. मी दिवा नीट बसवला, हात पुसले आणि खुर्चीवर बसले. छातीत असं धडधडत होतं, की कुणाला ऐकू जाईल असं वाटलं. ती भीती नव्हती. खोटं कशाला बोलू, आनंद होता.

मग बाईंची आठवण झाली. फुटणार होती ती त्यांची जोडी. मी मनाशी सौदा केला. त्याने विचारलं तर खरं सांगायचं. नाही विचारलं तर गप्प बसायचं. नियमात कुठे लिहिलंय, की न विचारता सांगा? तेवढ्यात धाकटीचा फोन आला. "ताई, आज तरी त्याला सांभाळून घे गं. रात्रभर झोपला नाही तो." मी म्हटलं, "त्याला कशाला सांभाळायला हवं? मोठा माणूस आहे."

पाहुणे जमले. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. बाई पुढच्या रांगेत, काठी गुडघ्यांमधे धरून. जावईबापूंनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. बोलायला तो हुशारच, उगाच नाही इतका वर गेला. टाचेचं उदाहरणसुद्धा त्याने माझंच वापरलं. पडद्यावर माणकाची लाल रेघ झळकत होती. त्याने किल्ली उचलली, स्वतःच सूक्ष्मदर्शकात एक नजर टाकली, मान डोलावली आणि पहिला स्क्रू फिरवला. मग समोरचा, मग उरलेले दोन. रेघ सरकली. टाळ्या पडल्या.

त्याने पुन्हा किल्ली लावली. मी मागे हात बांधून उभी होते. आता, मी मनात म्हणत होते, आता.

"विचारलंस का?"

बाईंचा आवाज होता. वयाने चिरकलेला, पण खोलीभर पोचला. किल्ली थांबली.

"काय बाई?"

"फिरवण्याआधी विचारलंस का, ते विचारतेय. मी असताना तरी विचार."

लोक हसले. तोही हसला, पण कान लाल झाले. खोलीभर नजर फिरवली आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. दुसरं होतंच कोण?

"ताई," तो म्हणाला, "कुठंय?"

मी पुढे झाले आणि डोळा लावला. भोक सकाळपेक्षाही सरकलं होतं. कडेला जवळजवळ टेकलं होतं. आत माझा क्षार, काळाभोर, चमकायच्या बेतात.

सौदा झाला होता, खरं सांगायचं. पण खरं कसं सांगायचं, हे ठरलेलं नव्हतं, आणि ते मला तिथे, डोळा लावल्या लावल्या सुचलं. 'अरे थांब, खरंच थांब' असं त्याचा दंड धरून म्हटलं असतं, तर त्याने ऐकलं असतं. शिकत असताना मी कितीदा त्याचा हात असा धरला होता. ते मी केलं नाही. मी सावकाश सरळ झाले. घरी जावयाला आग्रह करताना हसतात तशी गोड हसले आणि गोड आवाजात म्हणाले,

"मध्यात नाही हो, जावईबापू. पार कडेला आलंय. फिरवू नका."

शब्दन् शब्द खरा होता. त्याने माझं हसू बघितलं. चोराच्या मनात चांदणं; त्याला वाटलं, ही माझा कार्यक्रम बुडवायला निघालीय. मी बघत होते त्याच्या डोळ्यांत. क्षणभर शंका आली आणि क्षणभरात गेली. मग तो पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "या आमच्या थोरल्या मेहुणीबाई. घरीसुद्धा मला असंच घाबरवतात!"

खोली हसली. त्याने किल्ली फिरवली.

टक्.

नखं कापताना होतो तेवढाच आवाज. पडद्यावरची लाल रेघ गेली. काही जणांना वाटलं, हेच दाखवायचं होतं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंचा चेहरा बघून त्यांचे हात थांबले. भिंतीजवळच्या एका पाहुण्याने मोठ्यांदा विचारलं, "पण त्या मेहुणीबाई फिरवू नका म्हणाल्या होत्या ना?" सगळ्यांनी ऐकलं होतं. जावईबापू किल्ली हातात घेऊन तसाच उभा होता. कपाळावर घाम, सदऱ्याची इस्त्री मात्र कडक. किती बरं वाटलं म्हणून सांगू! बाबांच्या भिंतीवरचा तो फोटो मला मनातल्या मनात खाली पडताना दिसला.

बाईंनी डबी उघडायला सांगितली. ती मीच उघडली. वरचा हिरा पिठीसाखरेसारखा झाला होता. खालच्याला आरपार तडा. मी ते कागदावर काढून बाईंसमोर धरलं. त्यांनी बोटाने एक कणी उचलली, उजेडात धरली, परत ठेवली.

नंतर जिन्यात त्याने मला गाठलं. "ताई, मला वाटलं तुम्ही खोटं बोलताय."

"का वाटलं?"

त्याने कठड्याला हात टेकला. "तुमच्या जागी मी असतो, तर खोटंच बोललो असतो."

मी म्हटलं, "ते मला माहीत होतं," आणि खाली उतरले.

बाईंना गाडीत बसवायला गेले. त्यांनी काठी आत घेतली आणि दार धरून ठेवलं. "खरं बोललीस तू."

"हो, बाई."

"शब्द खरा होता. आवाज खोटा होता. इतकी वर्षं तुझं 'मध्यात' ऐकलंय मी, मला नको शिकवू." मग म्हणाल्या, "झालं समाधान?"

मी म्हटलं, "झालं." आणि खरंच झालं होतं. त्या रात्री मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले. दुसऱ्या दिवशी धाकटी रडत आली. "तू त्याला सांगितलं होतंस ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांसमोर सांगितलं. "मग त्याचीच चूक," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्याचं प्रमुखपद गेलं. बाहेरून एक नवे साहेब आले, सज्जन माणूस, पण डबी म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही. त्यांनी ती माझ्या स्वाधीन केली. नवी जोडी मागवून दिली आणि हेही सांगितलं, की ही फुटली तर पुन्हा मागू नका, हे कामच बंद करू. जावईबापूला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. तो वेळेवर येतो, मान खाली घालून काम करतो.

मी माझा क्षार परत भरला. या वेळी नाव माझंच लागणार होतं. कण पिवळा झाला इथवर सगळं ठीक होतं. कमी दाबाला फारसं भय नसतं. पण आता प्रत्येक फेरी जपून. मी बाईंना फोन केला, की येता का, नुसतं बघून सांगा. त्या म्हणाल्या, "माझी नजर गेली आता. आणि तुला डोळ्यांची काय कमतरता? दोघं आहात की." फोन ठेवला.

दोघं आहोत. खरंच आहे. नव्या मुलांना अजून काही दिसत नाही. नजर बसलेला माणूस खोलीत एकच, कोपऱ्यातल्या टेबलाशी.

मी किल्ली हातात घेऊन बराच वेळ बसले. मग म्हटलं, "अरे, जरा इकडे ये." तो आला.

"कुठंय?" मी विचारलं.

त्याने डोळा लावला. खूप वेळ बघितलं. मग सावकाश सरळ झाला आणि गोड हसला. ते हसू मी ओळखलं. माझंच होतं.

"मध्यात आहे हो, ताई," तो म्हणाला. "बिनधास्त फिरवा."

मी त्याला बाजूला करून स्वतः बघितलं. मला मध्यात दिसलं. पण किल्ली माझ्या हातात होती. डोळे चोळून पुन्हा बघितलं, डावीकडे सरकल्यासारखं वाटलं, पुन्हा मध्यात वाटलं. तो शेजारी हात मागे बांधून उभा होता, अगदी मी उभी होते तसा. खरं बोलत असेल. कशावरून नसेल? मी त्याचा चेहरा वाचत बसले आणि मला काही म्हणता काही वाचता येईना.

"उद्या बघू," मी म्हटलं आणि किल्ली खाली ठेवली.

तेव्हापासून मी रोज विचारते. तो रोज येतो, नीट बघतो, हसतो आणि मध्यात म्हणतो. कण अजून पिवळाच आहे.